तुमचा लिस्प इंटरप्रिटर अडतो तो एन्व्हायर्नमेंटपाशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथन बऱ्यापैकी येतं, लिस्प या कंसांत लिहिल्या जाणाऱ्या भाषेच्या वळणाची एक छोटी भाषा, म्हणजे तिचे प्रोग्राम वाचून चालवणारा इंटरप्रिटर, स्वतः बांधायला घेतली आहे. कंस वाचून याद्या करणारा पार्सर झाला, बेरीज-वजाबाकी चालते. पुढे तीन ठिकाणी गाडी अडली. ‘जर’ साधं फंक्शन म्हणून लिहिलं तर त्याच्या दोन्ही फांद्या चालतात. एका फंक्शनने परत दिलेल्या दुसऱ्या फंक्शनला आपली व्हेरिएबल्स सापडत नाहीत, किंवा भलतीच सापडतात. आणि जरा खोल रिकर्शन केलं, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावलं, की पायथनच हात टेकतं. यातलं आधी काय दुरुस्त करायचं, आणि पार्सर नव्याने लिहावा का?

पार्सर आत्ता मोडू नका, त्यात दोन-तीन किरकोळ दुरुस्त्या पुरतील. खरं काम एन्व्हायर्नमेंटचं आहे, म्हणजे कोणत्या नावाची किंमत काय हे जिथे साठवलं जातं त्या जागेचं. तुमच्या तिन्ही अडचणी मला वेगवेगळ्या वाटत नाहीत. ‘जर’ची अडचण म्हणजे राशीची (प्रोग्राममधल्या एखाद्या तुकड्याची) किंमत केव्हा काढायची, क्लोजरची (परत दिलेल्या त्या फंक्शनची) अडचण म्हणजे ती कुठे काढायची, आणि रिकर्शनची अडचण म्हणजे किंमत काढून झाल्यावर मागे परत यायची गरज आहे का. राशींची किंमत काढणारं एव्हल नावाचं जे फंक्शन तुम्ही लिहिताय, त्याला या तीन प्रश्नांची उत्तरं चोख देता आली की बाकीचा इंटरप्रिटर आपोआप जागेवर बसतो.

खालची उदाहरणं मी मराठी नावांच्या लिस्पमध्ये देते. नाव देण्यासाठी ‘ठेव’, असलेली किंमत बदलण्यासाठी ‘बदल’, अटीसाठी ‘जर’, फंक्शन बनवण्यासाठी ‘लॅम्डा’, ओळीने कामं करण्यासाठी ‘क्रमाने’, आणि किंमत न काढता जसंच्या तसं परत देण्यासाठी ‘नुसतं’. तुमच्या भाषेत हे शब्द वेगळे असतील, त्याने काही बिघडत नाही.

पार्सरबद्दल आधी बोलते, म्हणजे तो विषय मिटेल. कंसांच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा घालून ओळ तोडायची, ही युक्ती पहिल्या दिवशी छान चालते. ज्या दिवशी भाषेत अवतरणातली अक्षरमाला येते, त्या दिवशी ती मोडते, कारण अवतरणाच्या आतली रिकामी जागा आणि आतले कंसही तुटतात. म्हणून एक-एक अक्षर पुढे सरकणारा साधा वाचक लिहा, पन्नास-साठ ओळींत होतो. प्रत्येक टोकनबरोबर, म्हणजे तोडलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर, ओळीचा क्रमांक आत्ताच साठवून ठेवा. पुढे चुकांचे संदेश देताना तो लागतो, आणि नंतर घुसवायचा म्हटलं तर सगळीकडे हात घालावा लागतो.

देवनागरी नावं चालवायची असतील तर एक जागा सांभाळा. पायथनच्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत) शब्दातल्या अक्षरांसाठी जी बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण आहे, ती काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘किंमत’ हा शब्द तिच्या हाती दिलात तर ‘क’ आणि ‘मत’ असे दोन तुकडे परत येतात. म्हणून नावाची व्याख्या उलटीकडून करा: जे रिकामी जागा नाही, कंस नाही, अवतरण नाही, टिप्पणीची खूण नाही, ते सगळं नावात चालेल. लिस्पची परंपराही जवळपास हीच आहे, म्हणूनच त्यात नावात जोडरेघ किंवा प्रश्नचिन्ह सहज बसतं. अंकांचं मात्र पायथनमध्ये सुख आहे, पूर्णांक करणारं त्याचं फंक्शन ‘१२’ हे थेट बारा म्हणून स्वीकारतं. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय नाही, तिथे रूपांतर आपण करायचं.

आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्याकडे नाव आणि अक्षरमाला हे दोन्ही पायथनच्या एकाच प्रकारात साठवले जातात का? तसं असेल तर (छाप "दर") लिहिल्यावर एव्हल ‘दर’ नावाचं व्हेरिएबल शोधायला जाईल. नावासाठी स्वतःचा छोटा क्लास करा. पार्सरमध्ये इतकंच.

आता एव्हल. त्याच्यापुढे येणाऱ्या गोष्टी फार नाहीत. आकडा किंवा अक्षरमाला आली तर ती स्वतःच आपली किंमत. नाव आलं तर एन्व्हायर्नमेंटमध्ये शोधायचं. यादी आली तर पहिला घटक पाहायचा. तो खास नावांपैकी असेल तर त्या खास नावाच्या नियमाने वागायचं. नसेल तर सगळ्या घटकांची किंमत काढायची, पहिल्याची किंमत फंक्शन असायला हवी, आणि ते उरलेल्यांवर चालवायचं. एवढंच. जॉन मॅकार्थींनी लिस्प १९५८ मध्ये एमआयटीत सुरू केली आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे एव्हल लिस्पमध्येच लिहून दाखवलं. त्यांच्या दृष्टीने तो कागदावरचा सिद्धान्त होता. त्यांचा सहकारी स्टीव्ह रसेल याने तेच एव्हल आयबीएम ७०४ च्या यंत्रभाषेत हाताने उतरवलं, आणि लिस्पला चालता इंटरप्रिटर मिळाला. मला ही गोष्ट सांगायला नेहमी आवडते, कारण तुम्ही आज जे लिहिताय ते जवळपास तेच पान आहे.

‘जर’ फंक्शन का होऊ शकत नाही, ते या ओळीवर पाहा:

    (जर (= माणसं ०) ० (/ एकूण माणसं))

‘जर’ साधं फंक्शन असेल तर वरच्या नियमाने त्याला बोलावण्याआधी तिन्ही आर्ग्युमेंटांची, म्हणजे त्याला दिलेल्या तिन्ही राशींची, किंमत काढली जाईल. माणसं शून्य असतील तर भागाकार आधीच फुटेल, ‘जर’पर्यंत गाडी पोचणारच नाही. अट लिहिली ती ज्या चुकीपासून वाचायला, तीच चूक होईल. म्हणून ‘जर’ला आपल्या राशी कच्च्या हव्यात, किंमत न काढलेल्या. कच्च्या राशी मागणाऱ्या अशा नावांना स्पेशल फॉर्म म्हणतात आणि ती एव्हलच्या आतच हाताळायची असतात. वर सांगितलेली सहा पुरेशी आहेत. याहून जास्त आतमध्ये घालायचा मोह आवरा. उदाहरणार्थ ‘असू-दे’, म्हणजे तात्पुरती नावं देण्याची सोय. ती वेगळी लिहावीच लागत नाही:

    (असू-दे ((क ३) (ख ४)) (+ क ख))

हे म्हणजे फक्त

    ((लॅम्डा (क ख) (+ क ख)) ३ ४)

याचं दुसरं रूप. यादीची पुनर्रचना करा आणि पुन्हा एव्हलकडे द्या. यासाठी यादीच्या पहिल्या घटकाचीही किंमत काढणं आवश्यक आहे. ‘पहिला घटक नावच असणार’ असं गृहीत धरलं असेल तर ते काढून टाका.

‘जर’ लिहिताना आणखी एक खड्डा आहे. पायथनमध्ये शून्य, रिकामी यादी, रिकामी अक्षरमाला हे सगळं खोटं मानलं जातं. तुम्ही अटीची किंमत तशीच पायथनच्या अटीत टाकलीत तर पायथनचं हे मत तुमच्या भाषेत गुपचूप शिरतं. स्कीम या लिस्पच्या एका बोलीत फक्त ‘असत्य’ हे असत्य, शून्यसुद्धा सत्य. कॉमन लिस्प या दुसऱ्या बोलीत रिकामी यादी असत्य. तुम्ही काय ठरवता ते तुमच्यावर आहे, पण ठरवा आणि तेवढंच स्पष्ट तपासा. छोट्या इंटरप्रिटरमधल्या बऱ्याच चुका मी अशाच पाहिल्या आहेत: भाषा लिहिणाऱ्याने एखादा प्रश्न सोडून दिला आणि यजमान भाषेने त्याचं उत्तर परस्पर देऊन टाकलं.

आता मूळ दुखण्याकडे. तुम्ही लिहिलं आहे की फंक्शन बोलावल्यावर तुम्ही नवी डिक्शनरी (नावं आणि त्यांच्या किमतींच्या जोड्या) करता आणि न सापडलेली नावं बोलावणाऱ्याच्या डिक्शनरीत शोधता. सगळं इथे बिनसलं आहे. हा प्रोग्राम तुमच्या इंटरप्रिटरमध्ये चालवून पाहा:

    (ठेव जोडणारा (लॅम्डा (न) (लॅम्डा (क्ष) (+ क्ष न))))
    (ठेव पाच-जोड (जोडणारा ५))
    (ठेव न १००)
    (पाच-जोड १०)

उत्तर १५ यायला हवं. तुमच्याकडे ११० येईल. तिसरी ओळ काढलीत तर ‘न’ सापडत नाही अशी तक्रार येईल. म्हणजे तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं या चार ओळींत आहेत.

हे कागदावर काढा, खरंच काढा, डोक्यात नको. एक मोठा चौकोन, बाहेरचा, त्याला ग्लोबल म्हणू. (जोडणारा ५) चालवलं की नवा चौकोन तयार होतो, त्यात ‘न’ म्हणजे ५. या चौकोनातून एक बाण ग्लोबलकडे जातो: इथे सापडलं नाही तर तिकडे पाहा. आता आतला लॅम्डा याच चौकोनात उभा राहून बनतो. तो बनताना त्याच्याबरोबर तीन गोष्टी बांधून ठेवायच्या: पॅरामीटरांची नावं, शरीर, आणि आत्ताचा चौकोन. ही तिघांची मोळी म्हणजे क्लोजर. पुढे (पाच-जोड १०) बोलावलं की तिसरा चौकोन, त्यात ‘क्ष’ म्हणजे १०, आणि त्याचा बाण मोळीत बांधलेल्या चौकोनाकडे. बोलावणारा कुठे उभा आहे याला काहीच महत्त्व नाही. ‘न’ शोधताना तिसऱ्या चौकोनात नाही, बाणाने दुसऱ्यात जा, तिथे ५ आहे. ग्लोबलमधल्या १०० पर्यंत जायची वेळच येत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे: नव्या चौकोनाचा पालक बोलावणाऱ्याचा चौकोन नव्हे, तर क्लोजरमध्ये साठवलेला चौकोन. पण ही ओळ चुकवणारे तुम्ही पहिले नाही. लिस्पच्या अगदी सुरुवातीच्या इंटरप्रिटरमध्ये नेमकं हेच होतं. ती अडचण आपल्याला साधी चूक वाटली होती आणि रसेल ती लवकरच दुरुस्त करेल अशी खात्री होती, असं मॅकार्थींनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांनी स्कीम मांडली तेव्हा लेक्सिकल स्कोप, म्हणजे नाव जिथे लिहिलं तिथल्या परिसरात त्याचा अर्थ शोधायचा, हा लिस्पच्या घराण्यात पाया म्हणून आला. इमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये तर लेक्सिकल स्कोपची सोय २०१२ मध्ये, चोविसाव्या आवृत्तीत आली.

हीच चूक मला महागात पडली आहे. काही वर्षांपूर्वी बिलिंगचे नियम लिहिता यावेत म्हणून मी अशीच छोटी भाषा बांधली होती. नियमाच्या आत ‘दर’ हे नाव होतं आणि नियम बोलावणाऱ्या फंक्शनमध्येही ‘दर’ होतं. माझ्या चाचण्यांमध्ये फंक्शन जिथे बनायचं तिथेच बोलावलं जायचं, त्यामुळे दोन्ही चौकोन एकच असायचे आणि सगळ्या चाचण्या पास. प्रत्यक्षात दुसऱ्या फाइलमधून नियम बोलावला गेला आणि बोलावणाऱ्याचा दर लागू झाला. आकडा चुकीचा होता पण अविश्वसनीय नव्हता, म्हणून दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून क्लोजरची चाचणी लिहिताना मी बनवण्याच्या आणि बोलावण्याच्या जागी मुद्दाम एकाच नावाची वेगळी किंमत ठेवते. वरच्या उदाहरणातली (ठेव न १००) ही ओळ त्यासाठीच आहे.

काही जण या अडचणीवर दुसरा उपाय काढतात: लॅम्डा बनतानाच सगळ्या व्हेरिएबल्सची प्रत काढून ठेवायची. ‘पाच-जोड’ त्याने चालतं, म्हणून दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. पण हे लिहून पाहा:

    (ठेव क्रमगुणित
      (लॅम्डा (न)
        (जर (= न ०) १ (* न (क्रमगुणित (- न १))))))

‘ठेव’ आधी लॅम्डाची किंमत काढतं आणि मग तिला नाव देतं. प्रत काढली त्या क्षणी ‘क्रमगुणित’ हे नाव अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे फंक्शनला स्वतःचंच नाव सापडत नाही. प्रत नको, बाण हवा. बाण असला की नाव नंतर जन्माला आलं तरी शोधाच्या वेळी ते तिथे असतं.

‘ठेव’ आणि ‘बदल’ यांतला फरकही चौकोनांवरच समजतो. ‘ठेव’ नेहमी आत्ताच्या चौकोनात लिहितं, बाहेर त्या नावाचं काही असो वा नसो. ‘बदल’ बाणाबाणाने वर जातं, नाव ज्या चौकोनात पहिल्यांदा सापडेल तिथली किंमत बदलतं, आणि कुठेच सापडलं नाही तर तक्रार करतं. ‘बदल’ने गुपचूप नवं नाव तयार करू नये. तसं केलंत तर टाइप करताना झालेली एक चूक नवं व्हेरिएबल बनते आणि जुनं जसंच्या तसं राहतं.

तिसरी अडचण रिकर्शनची. पायथनची रिकर्शनची मर्यादा सुरुवातीला १००० असते. तुमच्या भाषेतल्या एका हाकेमागे पायथनच्या दोन-तीन हाका होतात, एव्हल स्वतःला बोलावतं, मधे फंक्शन चालवणारा भाग येतो. त्यामुळे हजार दूरच, तीन-चारशे पायऱ्यांतच छत लागतं. मर्यादा वाढवून तात्पुरतं भागतं, पण छत फक्त वर सरकतं.

आधी हे दोन प्रोग्राम शेजारी ठेवून पाहा:

    (ठेव बेरीज-१
      (लॅम्डा (न)
        (जर (= न ०) ० (+ न (बेरीज-१ (- न १))))))

    (ठेव बेरीज-२
      (लॅम्डा (न साठा)
        (जर (= न ०) साठा
            (बेरीज-२ (- न १) (+ साठा न)))))

पहिल्यात आतली हाक परत आल्यावर तिच्यात ‘न’ मिळवायचा शिल्लक आहे. प्रत्येक पायरीला काहीतरी लक्षात ठेवावंच लागतं. दुसऱ्यात आतल्या हाकेचं उत्तर हेच पूर्ण उत्तर, परत येऊन करण्यासारखं काही नाही. याला टेल कॉल म्हणतात. जिथे परतण्याचं काम नाही तिथे परतीचा रस्ता राखून ठेवायची गरजही नाही.

एव्हलमध्ये हे असं आणा. संपूर्ण एव्हलला एका अखंड लूपमध्ये घाला आणि ‘आत्ताची राशी’ व ‘आत्ताचा चौकोन’ अशी दोन व्हेरिएबल्स ठेवा. ‘जर’ आलं की अटीची किंमत एव्हलला बोलावून काढा, कारण तिथून परत यायचं आहे. पण निवडलेल्या फांदीसाठी एव्हलला बोलावू नका, ‘आत्ताची राशी’ म्हणजे ती फांदी असं करा आणि लूप पुन्हा फिरू द्या. ‘क्रमाने’मध्ये शेवटची सोडून बाकीच्यांसाठी एव्हलला बोलावा, शेवटची लूपला द्या. आपल्या भाषेतलं फंक्शन आलं की आर्ग्युमेंटांची किंमत जुन्या चौकोनात काढा, मग नवा चौकोन बनवा, राशी म्हणजे फंक्शनचं शरीर, चौकोन म्हणजे हा नवा, आणि लूप पुढे. हा क्रम मोडू नका. जुन्याच चौकोनात एक-एक किंमत लिहून वेळ वाचवायला गेलात तर ‘बेरीज-२’मध्ये दुसरं आर्ग्युमेंट काढताना ‘न’ आधीच एकाने कमी झालेला असेल, आणि उत्तर चुकेल.

हे झालं की (बेरीज-२ १००००० ०) पायथनचा स्टॅक, म्हणजे परतीच्या रस्त्यांची रास, न वाढवता ५००००५०००० देईल. स्कीमच्या प्रमाणकात तर टेल कॉल असे जागा न खाता चालणं बंधनकारकच आहे, कारण त्या भाषेत लूपचं काम याच मार्गाने होतं.

पण एव्हलचा लूप लिहिण्याआधी एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करा. उलट क्रमाने गेलात तर काय होतं ते पाहा. नव्या चौकोनाचा पालक बोलावणारा असेल तर लाखाव्या फेरीत लाख चौकोनांची साखळी तयार झालेली असते. स्टॅक वाढत नाही, पण मेमरी वाढते, आणि ‘बेरीज-२’ हे ग्लोबल नाव शोधायला प्रत्येक फेरीत आधीपेक्षा लांब चालत जावं लागतं. प्रोग्राम कोसळत नाही, नुसता संथ होत जातो, आणि कारण सापडत नाही. पालक जर क्लोजरचा चौकोन असेल तर प्रत्येक नवा चौकोन थेट ग्लोबलला जोडलेला असतो. मागच्या फेरीच्या चौकोनाकडे कुणाचाच बाण उरत नाही आणि पायथन तो उचलून टाकतं.

‘बेरीज-१’सारखं खोल जाणारं रिकर्शन या युक्तीने सुटत नाही. त्यासाठी परतीची कामं स्वतःच्या यादीत साठवणारं एव्हल लिहावं लागतं, म्हणजे पायथनच्या स्टॅकऐवजी आपला स्टॅक. ते करण्यासारखं आहे, पण दुसऱ्या आवृत्तीत. पहिल्या आवृत्तीत तिथे एक स्वच्छ संदेश द्या की रिकर्शन फार खोल गेलं. पायथनची शंभर ओळींची माळ वापरणाऱ्याच्या अंगावर टाकू नका.

चुकांच्या संदेशांकडे बहुतेक जण शेवटी वळतात, आणि मला ते खटकतं. भाषा वापरणाऱ्याचा निम्मा वेळ चुकांशीच जातो. तीन संदेश नीट द्या, बराच फरक पडेल: नाव सापडलं नाही तर कोणतं नाव आणि कोणती ओळ. आर्ग्युमेंटं कमी-जास्त झाली तर फंक्शनचं नाव, किती हवी होती, किती आली. आणि यादीचा पहिला घटक फंक्शन नसेल तर तिथे काय सापडलं. दुसऱ्या संदेशासाठी क्लोजरला नाव हवं. लॅम्डाला स्वतःचं नाव नसतं, पण ‘ठेव’ जेव्हा एखाद्या बिननावाच्या क्लोजरला नाव देतं तेव्हा तेच त्याच्यावर लिहून ठेवा. आणि ओळीओळीने चालवण्याची सोय करणार असाल तर वाचकाने दोन गोष्टींत फरक करायलाच हवा. कंस अजून बंद व्हायचा आहे म्हणजे पुढची ओळ मागा. एक बंद करणारा कंस जास्त झाला म्हणजे ती चूक.

मॅक्रोंबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या आठवड्यात तिकडेच वळाल म्हणून सांगते. मॅक्रो म्हणजे असं फंक्शन ज्याला कच्च्या राशी मिळतात, जे एक नवी राशी परत देतं, आणि मग त्या नव्या राशीची किंमत काढली जाते. एव्हलमध्ये आठ-दहा ओळींची भर. पण समजा तुम्ही ‘अथवा’ असा लिहिलात की (अथवा क ख) याचा विस्तार

    (असू-दे ((त क)) (जर त त ख))

असा होतो. ‘क’ची किंमत दोनदा काढावी लागू नये म्हणून ‘त’ हे तात्पुरतं नाव घेतलं, ते बरोबरच. पण वापरणाऱ्याने ‘ख’च्या जागी स्वतःचं ‘त’ नावाचं व्हेरिएबल लिहिलं तर ते तुमच्या ‘त’ने झाकलं जाईल. पुन्हा तोच प्रश्न, नाव कुठल्या चौकोनात शोधायचं. सोपा उपाय असा की विस्तारातलं तात्पुरतं नाव वापरणाऱ्याला टाइपच करता येणार नाही असं बनवायचं. तुमचा वाचक नावात रिकामी जागा येऊ देत नाही, मग आतून बनवलेल्या नावात एक रिकामी जागा आणि चढता क्रमांक घाला, दोघांची गाठ पडणार नाही.

वेगाची काळजी आत्ता करू नका. पुढे हवाच झाला तर प्रत्येक राशी एकदाच तपासून तिचं पायथनच्या फंक्शनमध्ये रूपांतर करून ठेवता येतं, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत ‘हे जर आहे का, लॅम्डा आहे का’ हे पुन्हा विचारावं लागत नाही. गार्बेज कलेक्शन, म्हणजे आता न लागणारी मेमरी मोकळी करणं, तर पायथन करतंच आहे. सी-मध्ये लिहायला घ्याल तेव्हा ते तुमच्या गळ्यात पडेल, आणि तिथेही सुरुवात चौकोन आणि बाणांपासूनच होते: ग्लोबलपासून आणि चालू कामापासून बाणांनी जिथवर पोचता येतं ते जिवंत, बाकीचं मोकळं.

दुरुस्त्या झाल्या की हा शेवटचा प्रोग्राम चालवा:

    (ठेव मोजणी-बनव
      (लॅम्डा ()
        (असू-दे ((आकडा ०))
          (लॅम्डा ()
            (क्रमाने
              (बदल आकडा (+ आकडा १))
              आकडा)))))
    (ठेव डावी (मोजणी-बनव))
    (ठेव उजवी (मोजणी-बनव))
    (डावी)
    (डावी)
    (उजवी)

शेवटच्या तीन ओळींची उत्तरं १, २, १ अशी यायला हवीत. १, १, १ आली तर कुठेतरी अजून प्रत काढली जाते आहे आणि ‘बदल’ त्या प्रतीत लिहितंय. १, २, ३ आली तर डावी आणि उजवी एकाच चौकोनाकडे बोट दाखवतायत, म्हणजे फंक्शन बोलावताना नवा चौकोन बनतच नाही आणि किंमती जुन्याच चौकोनात लिहिल्या जातायत. आणि ‘आकडा’ सापडलाच नाही, तर पालकाची ती एक ओळ अजून बदललेली नाही.